बिननावी कागद

“आल्या बघ माकडाच्या बाई.”

खिडकीच्या गजाआडून कुणीतरी म्हणालं आणि आत खसखस पिकली. मी व्हरांड्यात चपला काढत होते. दोन्ही हातांत कागदांचा गठ्ठा, त्यामुळे एका पायातली चप्पल निघेना. ऐकू आलेलं ऐकू आलं नाही असं दाखवणं मला लहानपणापासून जमत आलेलं आहे. मी चप्पल काढली, भिंतीशी सरळ लावली आणि आत गेले. अकरावीचा वर्ग धडाधड उभा राहिला. एक्केचाळीस मुलं, त्यांतल्या चार मुली.

त्या शाळेतली ती माझी दुसरी खेप. पहिल्यांदा गेले ती दिवाळीच्या सुटीनंतर, आणि ते नाव मला तेव्हाच चिकटलं. मी मुलांना वीस विधानांचा एक कागद वाटला होता. त्यातलं पाचवं विधान असं होतं: ‘माणूस आणि माकड यांचा फार पूर्वीचा पूर्वज एकच होता.’ बाकीची एकोणीस कुणाच्या लक्षात राहिली नाहीत.

ती पन्नासनंतरची वर्षं. पिंपरीला औषधाचा कारखाना नुकता उभा राहिला होता. चिंचवड स्टेशनावर उतरून शाळेकडे चालत निघालं की शेतांच्या पलीकडे त्याच्या पांढऱ्या भिंती दिसायच्या. शाळा पत्र्याच्या छपराची. निम्मी मुलं आसपासच्या गावांतल्या जुन्या शेतकरी घरांतली, निम्मी साताऱ्याहून, नगरहून, कोकणातून कामासाठी आलेल्या लोकांची. मी यायची देहूरोडहून. वडील लष्कराच्या डेपोत मोठ्या हुद्द्यावर होते, आणि माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून, जोगिणींच्या कॉन्व्हेंट शाळेत झालेलं. मराठी फक्त आईशी बोलायची. अनोळखी माणसासमोर मराठी बोलताना मी वाक्य आधी मनात जुळवायची, आणि ते जुळेपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असायचा. पुष्कळ लोक मला शिष्ट समजायचे. मी तसं समजू द्यायची, कारण भित्री समजण्यापेक्षा ते बरं वाटायचं.

बी.ए. झाल्यावर पुण्यातल्या एका शिक्षण महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी मला मदतनीस म्हणून घेतलं. ते प्रबंध लिहीत होते. शाळेतल्या मुलांना उत्क्रांतीबद्दल काय वाटतं, आणि विज्ञानाच्या पुस्तकातला तो शेवटचा धडा शिकवल्यावर त्यांचं मत बदलतं का, हे त्यांना मोजायचं होतं. धड्याच्या आधी एकदा कागद भरून घ्यायचा, धड्यानंतर पुन्हा एकदा. प्रत्येक विधानापुढे पाच चौकोन: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. एका चौकोनात फुली मारायची.

“ही परीक्षा नाही,” प्राध्यापक मला बजावायचे. “धडा किती पाठ झाला ते नकोय मला. मनात काय आहे ते हवंय. मनातलं बाहेर यायचं तर नाव नको आणि मार्क नकोत.”

मूळ विधानं इंग्रजीत होती. मराठी मी केलं, आईला विचारून विचारून. मग सायक्लोस्टाइलच्या मेणकागदावर टोकदार लेखणीने मी स्वतः ती कोरली, कारण महाविद्यालयात मराठी टंकयंत्र नव्हतं. काम चांगलं झालं तर पुढल्या वर्षी महाविद्यालयात मला जागा मिळण्यासाठी शिफारस करीन, असं ते म्हणाले होते. घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालेलं होतं. ती जागा मला किती हवी होती हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

पहिल्या खेपेला मी जुळवून आणलेलं वाक्य म्हटलं: “कागदावर नाव लिहू नका. याला मार्क नाहीत.”

“मग लिहायचं कशाला, बाई?” मागून एकाने विचारलं. सगळे हसले. मी कागद वाटायला घेतले.

आणि मग सगळ्यांनी नावं लिहिली. कागद हातात पडताच आधी वर मधोमध ‘श्री’, त्याखाली स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम, इयत्ता, आणि खाली पट्टीने दोन रेघा. माझं म्हणणं त्यांनी ऐकलं नव्हतं असं नाही. पण बिननावाचा कागद म्हणजे कुणाच्या तरी विरुद्ध केलेला अर्ज, किंवा नापास होणाऱ्याचा पेपर. चांगल्या घरचं मूल कागदावर नाव घालतं. एकाने तर एका विधानापुढच्या पाचही चौकोनांत फुल्या मारल्या होत्या. विचारल्यावर म्हणाला, “एक तरी बरोबर येईल की.”

कागद घरी आले तेव्हा मी कात्री घेऊन बसले. वरची पट्टी कापून टाकली की नावं जातील, असा माझा विचार. आईने येऊन पाहिलं.

“अगं, श्री कापायला निघालीस?”

मी कात्री खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांना विचारलं, तर ते म्हणाले, “असू देत नावं. आधीचा आणि नंतरचा कागद जुळवायला उलट सोयीचं.” नाव नको असं सांगणारे तेच होते. पण सोय दिसली की नियम बाजूला ठेवायचा असतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

त्या शाळेचे हेडमास्तर अकरावीला विज्ञान स्वतः शिकवायचे. बंद गळ्याचा कोट, त्याच्या खिशात खडूचे तुकडे. शाळेची सगळी प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि त्यात स्पिरिटच्या बरणीत ठेवलेला एक साप. पहिल्या दिवशी त्यांनी मला व्हरांड्यातून त्या पांढऱ्या भिंती दाखवल्या.

“तिथे आत बुरशी वाढवतात, बाई. बुरशीचं औषध करतात. आणि माझ्या मुलांनी बुरशी पाहिलीय ती शिळ्या भाकरीवरची. एक सूक्ष्मदर्शक द्या म्हणून दरवर्षी अर्ज करतो. उत्तर येत नाही.”

हे त्यांनी प्राध्यापकांनाही सांगितलं असणार, कारण प्राध्यापक एकदा सहज बोलून गेले होते की, ज्या शाळेचा निकाल चांगला दिसेल तिच्यासाठी मी वर शब्द टाकीन. निकाल हा शब्द त्यांनी वापरायला नको होता. हेडमास्तरांनी तो शब्द उचलला. पहिल्या खेपेला मी निघताना त्यांनी कागदांचा गठ्ठा माझ्याकडे एका दिवसासाठी मागितला. “मुलांचं अक्षर बघतो जरा.” नाही कसं म्हणायचं याचं वाक्य मी मनात जुळवत होते, तेवढ्यात गठ्ठा त्यांच्या काखेत गेला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या शिपायाने तो घरी आणून दिला.

त्याचं काय झालं ते मला दुसऱ्या खेपेच्या सकाळी कळलं.

वर्ग उभा राहिला, मी बसा म्हटलं, आणि प्यायला पाणी हवं म्हणून पुन्हा व्हरांड्यातल्या माठाशी आले. माझ्या मागोमाग चार मुलींतली एक आली. हिला मी आधीही पाहिलं होतं. नदीपलीकडच्या काळेवाडीची. पवनेच्या पात्रातल्या दगडांवरून चपला हातात घेऊन यायची, त्यामुळे तिच्या साडीचा काठ नेहमी ओला असायचा. ती माझ्याकडे न बघता पेला विसळत म्हणाली, “बाई, ह्या बारीला पन नाव न्हाई ना लिहायचं?”

“नाही. का गं?”

“मागल्या बारीला सरांनी समदे कागद वाचले. मला उभं केलं. म्हनले, समद्यांचे पूर्वज रानातले, आन् तुझं घरानं काय आभाळातनं पडलं व्हय?”

“तू काय लिहिलं होतंस?”

“माकडाच्याम्होरं ‘सांगता येत न्हाई’वर फुली केलती. मला न्हवतंच येत सांगता. आता सरांनी शिकवलं ते थोडं पटतंय. पर शेपटाचं अजून कळलं न्हाई.” मग जरा थांबून, “शेपूट गेलं कुठं, हे इचारलं तर समदे हसत्यात.”

मला हसू आलं नाही. मला वाटलं, सगळ्या प्रबंधासाठी ज्या एका मुलाची वाट बघायची ते हेच.

“या वेळी नाव लिहू नकोस,” मी म्हटलं. “आणि मनात आहे तेच लिही. नाव नसलं तर कुणालाही कळणार नाही.”

“खरंच ना, बाई? माझा मॅट्रिकचा फॉर्म जायचाय ह्याच महिन्यात. त्या कारखान्यात मॅट्रिक झालेल्या पोरींना घेत्यात, औषधाच्या बाटल्या भरायला. आबा म्हनले, यंदा बसलीस आन् पास झालीस तर बघू. न्हाईतर वैशाखात लगीन.”

“माझा शब्द,” मी म्हटलं. मराठीत हे असं म्हणतात हे मला पुस्तकांतून ठाऊक होतं. प्रत्यक्षात मी ते पहिल्यांदाच म्हटलं.

आत आले. सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं फळ्यावर पडलं होतं. फळा कोरड्या फडक्याने पुसलेला होता, नीट पुसला गेला नव्हता. एक ते वीस आकडे एकाखाली एक दिसत होते, आणि प्रत्येकापुढे काहीतरी: ‘पू. स.’, ‘अ.’, पुन्हा ‘पू. स.’ मला वाटलं, बीजगणिताचा तास झाला असेल. मी तशीच त्या फळ्याला पाठ करून उभी राहिले आणि कागद वाटले. “कुणीही नाव लिहायचं नाही,” हे दोनदा सांगितलं. सगळ्यांनी वर श्री घातला आणि नावं लिहायला घेतली.

मागच्या खेपेला त्यांना अर्धा तास लागला होता. या वेळी पाच मिनिटांत लेखण्या खाली पडल्या. एकटी ती लिहीत होती. शेवटी उठली, कागदाची घडी घातली आणि माझ्या गठ्ठ्याच्या मधोमध सरकवून गेली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्राध्यापकांच्या सांगण्यावरून दुसऱ्या खेपेच्या कागदावर मी तीच वीस विधानं क्रम बदलून कोरली होती. मुलांनी आधीची उत्तरं आठवून लिहू नयेत म्हणून. वीसपैकी काही विधानं मुद्दाम उलटी, म्हणजे धड्याच्या विरोधातली, असतात, त्यांत सगळ्यात उलटं ‘हा धडा शाळेत शिकवू नये’ हे. पहिल्या कागदावर ते चौदावं होतं. दुसऱ्यावर ते तिसरं झालं.

घरी बसून मी तक्त्यासाठी फुल्यांना गुण लावायला घेतले. पहिल्या मुलाने लिहिलं होतं, हा धडा शाळेत शिकवू नये याच्याशी तो पूर्ण सहमत आहे. दुसऱ्यानेही तेच. तिसऱ्यानेही. माणूस आणि माकड यांच्या पूर्वजाचं विधान आता चौदावं होतं, आणि ते सगळ्यांना सारखंच अमान्य होतं. एकामागून एक चाळीस कागद, चाळीस वेगवेगळी अक्षरं, आणि फुल्या त्याच त्याच चौकोनांत. मी जुना कागद काढून शेजारी ठेवला. जुन्या क्रमाने पाहिलं तर प्रत्येक फुली अगदी शहाण्यासारखी होती. तेव्हा मला तो फळा आठवला. ‘पू. स.’ म्हणजे काय तेही कळलं. कुणी विधानं वाचलीच नव्हती. तिसऱ्याचं उत्तर तिसऱ्यापुढे आणि चौदाव्याचं चौदाव्यापुढे, पाठ केल्याप्रमाणे उतरवलं होतं.

हेडमास्तरांचा मला राग आला असं म्हणता येणार नाही. तपासनीस यायचे असले की ते हेच करत असणार. विज्ञान आहे म्हणजे बरोबर उत्तर एकच, आणि बरोबर उत्तर मुलांना सांगणं हेच तर मास्तराचं काम. मनात काय आहे ते मोजायला कुणी पुण्याहून येईल यावर त्यांचा विश्वास कसा बसावा?

एक्केचाळिसावा कागद बिननावाचा होता. त्याच्यावर श्रीसुद्धा नव्हता. फुल्या इकडेतिकडे, काही खोडून पुन्हा मारलेल्या, आणि सगळ्या त्या त्या विधानाला धरून. ‘पूर्वज एकच होता’ यापुढे ‘सहमत’. ‘हा धडा मी घरी समजावून सांगेन’ यापुढे ‘सांगता येत नाही’. खाली मोकळ्या जागेत बारीक अक्षरात शुद्ध मराठीत लिहिलं होतं: ‘काल सरांनी फळ्यावर उत्तरं लिहून दिली व पाठ करून घेतली. मी ती लिहिलेली नाहीत. बाईंनी मनातलं लिही म्हणून सांगितलं आहे.’

मी सगळं पुण्याला नेऊन प्राध्यापकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांना समजायला माझ्याइतका वेळ लागला नाही. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

“जुन्या क्रमाने गुण लावा,” ते म्हणाले.

“पण सर, मुलांनी…”

“मुलांच्या मनात जुना क्रम होता. आपण मनच मोजतोय ना?”

मी पेन्सिल काढली. मग त्यांनी बिननावी कागद उचलला आणि दोनदा वाचला. त्यांच्या तीन वर्षांच्या कामात ही शाळा सर्वांत मोठा बदल दाखवत होती. असा कागद कुठे बाहेर आला तर काय होईल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“हे काय आहे ते तिथे जाऊन विचारलं पाहिजे,” ते म्हणाले. “कुणी लिहिलंय माहीत आहे?”

“नाही,” मी म्हटलं. तेवढं मला धैर्य झालं, आणि तेवढ्यावर मी बरेच दिवस स्वतःवर खूश होते.

पण माझ्या नाही म्हणण्याला काही किंमत नव्हती. आम्ही दोघं शाळेत गेलो तेव्हा हेडमास्तरांनी तो कागद वाचला, त्यांचे कान लाल झाले, आणि त्यांनी कपाटावरची हजेरी काढली. कागदांवरच्या चाळीस नावांपुढे खुणा केल्या. एक नाव उरलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. वर्गात सगळ्यांनी नावं लिहिल्यावर ज्याने लिहिलं नाही त्याचंच नाव सगळ्यांत ठळक दिसणार, हे मला त्या माठापाशी सुचायला हवं होतं. मानसशास्त्र मी शिकले होते.

“शाळेची बेअब्रू करणाऱ्या मुलीचा फॉर्म मी पाठवणार नाही,” हेडमास्तर म्हणाले. आवाज चढवला होता, पण ते घाबरले होते. “फॉर्म शनिवारी पुण्याला जायचे आहेत. तिच्या बापाला बोलावतो.”

बाप दुसऱ्याच दिवशी आला. प्राध्यापक आणि मी पुन्हा गेलो. आम्ही जायलाच हवं होतं असं नाही, पण प्राध्यापकांना तो विषय मिटवायचा होता. आत जायच्या आधी त्यांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि इंग्रजीत बोलू लागले. एरवी ते माझ्याशी मराठीतच बोलत. फळ्यावर काही असलं तर शाळा गेली, प्रबंध गेला, आणि माझ्या शिफारशीलाही मग अर्थ उरला नाही. फळ्यावर काही नसलं तर क्रम बदलल्याने मुलांचा गोंधळ झाला, एवढंच, आणि त्यात कुणाचाच दोष नाही. एका मुलीचा फॉर्म पुढल्या वर्षीही जाऊ शकतो. तुम्हाला विचारलं तर काय सांगायचं ते तुम्हाला कळतंच, तुम्ही समजूतदार आहात. इंग्रजीत ते सगळं फार सभ्य वाटलं. त्या भाषेत मला कुणी कधी रागावलेलं नव्हतं, आणि त्या भाषेत नाही म्हणायलाही मला कुणी शिकवलं नव्हतं.

हेडमास्तरांच्या खोलीत ती दाराशी उभी होती. साडीचा काठ ओला. बाप खुर्ची दिली तरी बसला नाही. दूध घालायला कारखान्याच्या वस्तीत जाणारा माणूस, डोक्याला मुंडासं, हातात रिकामी चरवी. थेट तिकडूनच आलेला.

हेडमास्तरांनी त्याला कागद वाचून दाखवला. “हे असं लिहिलंय तुमच्या मुलीने. मी मुलांना खोटं शिकवतो असं लिहिलंय. पुण्याच्या लोकांपुढे.”

“लिहिलंस व्हय गं?” बापाने विचारलं.

“व्हय,” ती म्हणाली. “खरं हाय ते.”

“धडा शिकवला, उजळणी घेतली,” हेडमास्तर म्हणाले. “उजळणी घेणं हा गुन्हा आहे का? फळ्यावर मी काहीही लिहिलेलं नव्हतं. विचारा वर्गातल्या कुणालाही.”

वर्गातल्या कुणालाही विचारलं असतं तर उत्तर आलंच असतं, पाठ केलेलं.

“पोरगी खोटं बोलत न्हाई, सर,” बाप सावकाश म्हणाला. “हट्टी हाय, पर खोटारडी न्हाई. तुमीबी खोटं बोलनार न्हाई. मग आमी काय समजायचं? ह्या कागदावरनं तिचं वरीस चाललंय.”

प्राध्यापक खिडकीतून बाहेर बघत होते.

पुढचं मी इथेच सांगून टाकते, कारण त्या खोलीत मी काय बोलले ते लिहिल्यावर माझ्याने पुढे लिहवणार नाही. तिचा फॉर्म गेला नाही. वैशाखात तिचं लग्न झालं, चाकणच्या पलीकडे कुठेतरी, कांदा पिकवणाऱ्या घरात. हे मला पुढे शाळेच्या शिपायाने सांगितलं, विचारलं नसताना. शाळेला सूक्ष्मदर्शक मिळाला. मी एकदा गेले तेव्हा तो त्याच कपाटात होता, सापाच्या बरणीशेजारी, आणि कपाटाला कुलूप होतं, मुलांनी हात लावून बिघडवू नये म्हणून. प्रबंध मान्य झाला. मला जागा मिळाली आणि मी पुढे बरीच वर्षं होणाऱ्या शिक्षकांना वृत्ती कशी मोजावी ते शिकवलं. प्रबंधात त्या शाळेच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ आहे: ‘एक कागद अपूर्ण असल्याने वगळला.’ तो कागद प्राध्यापकांनी मला फाडून टाकायला दिला होता. मी फाडला नाही. तो ठेवला म्हणून मी काही बरी ठरत नाही, पण तो माझ्याकडे आहे. त्यावर अपूर्ण असं काहीही नाही. वीसही विधानांपुढे फुली आहे.

त्या वर्षी आम्ही मुलांचा विश्वास मोजायला गेलो होतो. चाळीस मुलांनी मी सांगितलेल्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नाही, आणि त्यांचं काहीच बिघडलं नाही. त्यांतले बरेचसे मॅट्रिक झाले. दोघे-तिघे त्याच कारखान्यात लागले.

तर त्या खोलीत बाप माझ्याकडे वळला. तोवर माझ्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. त्याने चरवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“बाई तवा वर्गात व्हत्या न्हवं?” तो म्हणाला. “मग त्यास्नीच इचारू की. बाईंचं न्हाई ह्या गावात कुनी. त्यास्नी कुनाची भीड असायचं कारन न्हाई. शिकल्याल्या हायती. बाई, तुमी सांगाल ते खरं. फळ्यावर काय व्हतं का?”

मुलीने मान वर केली. तिच्या तोंडावर भीती नव्हती, आणि ते मला अजून सहन होत नाही. बाई होत्या, बाईंनी पाहिलंय, म्हणजे झालं, असा तो चेहरा होता. पेला विसळताना होता तसाच मोकळा. हेडमास्तर बोटांवरचा खडू कोटाला पुसत होते. प्राध्यापकांनी खिडकीतून मान वळवली नाही.

वाक्य मला जुळवावं लागलं नाही. ते आधीच जुळलेलं होतं.

“नाही,” मी म्हटलं. “फळा कोरा होता.”